कापलेली नस आणि रोजचा एक मिलिमीटर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, कीर्तनकार अशी जाणती माणसं बोलून जातात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभं केलं. आम्ही डॉक्टर नाही. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमाचं, आणि राज्य सरकारच्या नोकरीत बावीस वर्षं पोरांना लेथ, कानस आणि व्हर्नियर शिकवण्याचं काम. तेव्हा आम्ही औषधाचं नाव सांगणार नाही, कुणी विचारूही नये. गेल्या दीड वर्षात घरात जे पाहिलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, तेवढंच सांगणार आहोत. विषय आहे हाताचा. कतारगामात तो घरोघरचा आहे. घंटीवर हिरा घासणारा असो, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरचा असो की लूमवरचा, आपल्या बहुतेक घरांची चूल दहा बोटांवर पेटते.

प्लास्टिक सर्जरीचा विषय बाप्पाच्या मंडपात निघाला की सगळ्यांचं लक्ष मूर्तीच्या सोंडेकडे जातं. ती श्रद्धेची गोष्ट, तिला आम्ही हात लावत नाही. कागदोपत्री नोंद असलेली गोष्ट मात्र आपल्या पुण्याची आहे, ती थोडी पुढे सांगतो.

आधी घरचं. मागच्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, उत्तरायणाला आठवडा असताना आमचा भाचा अमरोलीच्या पुलावरून मोटारसायकलने घरी येत होता. वय चोवीस, हिऱ्याच्या कारखान्यात कामाला. मांजा गळ्याशी आला म्हणून त्याने उजवा हात वर केला. गळा वाचला, मनगट कापलं. जखम दिसायला दोन-अडीच इंचांची. जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात टाके पडले. तिथे सांगितलं, "नस वाचली, घाबरू नका." आम्ही पोचलो तेव्हा पट्टी बांधून झाली होती. आम्ही त्याला बोटं मिटायला सांगितली. त्याने मिटली. आम्ही म्हणालो, "बोटं वाकतात ना, मग झालं तर!" आणि सगळ्यांना चहा पाजला.

मंडळी, हे वाक्य आमचं आहे, दवाखान्याचं नाही. ते आम्हाला अजून टोचतं.

"नस वाचली" हे खरंच होतं. पण कोणती नस? आपल्या बोलीत नस हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना आहे. एक रक्ताची नळी. दुसरी स्नायूपासून बोटाच्या हाडापर्यंत जाणारी पांढरी दोरी, जिला पुस्तकात कंडरा म्हणतात. आणि तिसरा मज्जातंतू, म्हणजे मेंदूपासून बोटापर्यंत आलेली वायर. रक्ताची नळी कापली की धार लागते, कुणालाही कळतं. दोरी कापली की बोट वाकत नाही, तेही कळतं. वायर कापली तर वरून काहीच दिसत नाही. आमच्या भाच्याची रक्ताची नळी शाबूत होती, बोटं वाकवणाऱ्या दोऱ्याही शाबूत होत्या. मनगटाच्या मधोमध, कातडीपासून फार खोल नाही, अशी एक जाड वायर असते. मीडियन नर्व्ह म्हणतात तिला. तीच तुटली होती.

मग बोटं कशी वाकत होती? हे आम्हाला फार उशिरा कळलं. बोटं मिटणारे मोठे स्नायू हातात नसतातच, ते कोपराखालच्या भागात असतात. त्यांना मिळणारा वीजपुरवठा मनगटाच्या बराच वर निघून गेलेला असतो. म्हणजे खालच्या मजल्याची वायर तुटली तरी वरच्या मजल्यावर दिवे चालूच. मनगटाखाली या वायरवर चालतात ते अंगठ्याच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांचा स्पर्श. आता हिरा कशाने धरतात? चिमटा अंगठा आणि तर्जनीतच असतो ना! करंगळीच्या बाजूची संवेदना पोराला पूर्ण होती, तिचा काय उपयोग?

टाके निघाले. भाचा म्हणायचा, "मामा, बोटं बधिर आहेत." आम्ही म्हणायचो, सूज आहे, उतरेल. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री तो स्वयंपाकघरात उभा होता. गरम तवा त्याने तर्जनीने सरकवला आणि हात तसाच ठेवला. मामीने ओरडून हात ओढला तेव्हा फोड आला होता. त्याला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून त्याला हाताच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी पट्टी, एक्स-रे काही मागितलं नाही. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला लावले आणि अंगठा छताकडे उभा करायला सांगितला. डावा उभा राहिला. उजवा आडवाच सरकला. अंगठ्याच्या बुडाशी असलेली गादी एका बाजूला भरलेली, दुसऱ्या बाजूला बसलेली, हे आम्हालाही दिसलं. दोन मिनिटांची तपासणी, आणि ती टाके घालण्याआधी करायची असते. आमची बहीण नंदुरबारहून आली होती. दारातच तिने विचारलं, "भाऊ, मना पोऱ्याना हात बरा व्हई ना?" आम्ही काय सांगणार?

आता तुटलेली वायर जोडणं म्हणजे काय, हे आम्ही आमच्या भाषेत सांगतो. घरातल्या वायरला दोन तुकडे पिळून वर टेप मारली की करंट चालू. मज्जातंतूचं तसं नाही. टाका घातल्याने करंट चालू होत नाही. तुटल्या जागेपासून बोटापर्यंतचा सगळा धागा आधी मरतो. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेवर हे दाखवून दिलं. आतला धागा मरतो, पण त्याच्या भोवतालची पोकळ नळी राहते. मग वरच्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि त्या रिकाम्या नळीतून खाली वाढत जातो. सर्जनचं काम इतकंच की, दोन्ही टोकं नीट समोरासमोर आणून ठेवायची, ताण पडू द्यायचा नाही, म्हणजे कोंबाला नळीचं तोंड सापडेल. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बसून जो धागा वापरतात तो तीन-चार शतांश मिलिमीटरचा, म्हणजे केसाहून बारीक. आम्ही बावीस वर्षं मायक्रोमीटर हाताळतो. एक शतांश मिलिमीटर किती असतो हे कागदावर सांगता येतं, त्या मापाच्या दोऱ्याने गाठ मारणारे हात वेगळेच.

आणि हा कोंब वाढतो किती? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला एक इंचाहून थोडं अधिक. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटर. करा हिशेब. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे कोंब जागचा हलत नाही. पैसा, ओळख, नवस, काही केलं तरी हा वेग वाढत नाही. वाट पाहायची ती पाहायचीच.

पण उशीर मात्र महाग पडतो. स्नायूला वायर मिळाली नाही तर तो वाळत जातो. वर्ष-दीड वर्ष उलटलं की मग वायर पोचली तरी तो चालत नाही. म्हणजे घड्याळ दोन्हीकडून चाललेलं असतं, कोंब खाली येतो आहे आणि स्नायू वाळतो आहे. आमचे दोन महिने त्यात गेले होते. त्या दोन महिन्यांत तुटलेली टोकं आकसून मागे सरकली होती, त्यांवर गाठी आल्या होत्या. गाठी कापल्यावर मध्ये तीन सेंटिमीटरचं अंतर पडलं. ताणून जोडलं तर ते टिकत नाही. म्हणून पोटरीच्या मागून एक बारीक मज्जातंतू काढून त्याचे तुकडे मध्ये बसवले. त्याच्या पावलाच्या बाहेरच्या कडेला आता थोडी बधिरता आहे. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. पहिल्याच दिवशी जोडलं असतं तर बहुधा पाय कापावा लागला नसता.

आता पुण्याची गोष्ट, कारण जखम कशी भरते ते तिच्यातून छान कळतं. इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठी माणूस इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. तो टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तसाच राहिल्यावर पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या वैद्याने त्याचं नाक केलं. मुंबई इलाख्याचे डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांनी ते पाहिलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं, त्याच वेल्सने नाना फडणवीसांचंही चित्र काढलेलं आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू यांनी मढ्यांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. जगात आजही तिला भारतीय पद्धत म्हणतात. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे. आपल्या या वैद्याने कपाळाची घेतली.

त्याची रीत ऐका. मेणाचा पत्रा करून नाकाच्या आकारात बसवला, तोच सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली. पत्राकाम करणाऱ्या आमच्या पोरांना हे ओळखीचं वाटेल, टेम्प्लेट म्हणतात त्याला. रेघेवरून कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तोडली नाही. त्या पट्टीवर कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला काय? कात! आपण विड्याला लावतो तोच, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस पाठीवर निजायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, बुजू नयेत म्हणून. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती मधली पट्टी कापली.

ती पट्टी का ठेवली होती? कारण कातडीला नव्या जागी पहिले तीन आठवडे जुन्याच घरून रक्त येत असतं. तेवढ्यात नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मगच जुनं नातं तोडायचं. आजही कपाळाच्या कातडीने नाक करतात तेव्हा साधारण तीन आठवडेच थांबतात. यंत्रं बदलली, शरीराला लागणारा वेळ तोच राहिला. म्हणून डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बिडी, सिगारेट, मावा, तपकीर, काही नको. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेल्या भागाला रक्त मिळत नाही. भाच्याला मावा खायची सवय होती. ती सुटायला ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास झाला, हे त्याच्या परवानगीने सांगतो.

कातडी भरली, तीन आठवड्यांनी पट्टा निघाला, आणि मग खरं काम सुरू झालं. सगळ्यात मोठी भीती होती भाजण्याची. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायूंच्या दोऱ्या फिरवून बसवण्याचं काम त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास तिथे सुरू केलं. त्यांच्या लक्षात आलं की, कुष्ठरोगात बोटं झडत नाहीत. दुखणं जातं, म्हणून माणूस भाजतो, कापून घेतो, जखम घेऊनच काम करत राहतो, आणि बोटं त्यापायी जातात. आपल्या मुंबईत डॉ. नोशिर अँटिया यांनी जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. त्याआधी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयातही ते शस्त्रक्रिया करत. दुखणं ही देवाने दिलेली राखण आहे, हे आम्हाला तव्याच्या त्या फोडाने शिकवलं. मामीने घरातल्या कपांना कापडाचे म्यान शिवले. आंघोळीचं पाणी डाव्या हाताने पाहायचं. दर रात्री दिव्याखाली बोटं तपासायची.

डॉक्टर दर महिन्याला मनगटापासून पुढे बोटाने टिचक्या मारत जायचे. जिथे कोंबाचं टोक पोचलं असेल तिथे टिचकी बसली की पोराच्या बोटात मुंग्यांसारखा झटका यायचा. ही खूण टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमींवरून सांगितली. आम्ही घरी बॉलपेनने तारखा टाकायला लागलो. मे महिन्यात तळव्याच्या मध्यावर. ऑगस्टमध्ये, मागच्या गणपतीच्या आधी, बोटाच्या पहिल्या पेरावर. सरकारी कामाची प्रगती आम्ही इतक्या उत्सुकतेने कधी पाहिली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तर्जनीच्या टोकाला काहीतरी लागतंय असं कळायला लागलं. आनंद झाला, आणि लगेच नवी अडचण. डोळे मिटून तर्जनीला हात लावला तर तो म्हणायचा, मधलं बोट. कारण वाढताना काही कोंब दुसऱ्याच नळीत शिरतात. आणि मेंदूला जुना नकाशा पाठ असतो. नवी जोडणी मेंदूने पुन्हा शिकायची असते. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, रोज चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं, आधी डोळे उघडे ठेवून स्पर्श करायचा, मग मिटून, मग पुन्हा उघडून खात्री करायची.

बहिणीने यासाठी एक कापडी पिशवी शिवली. तिच्यात मटकी, हरभरे, साबुदाणा, शर्टाची बटणं, चपटी किल्ली, मखमलीचा तुकडा, सँडपेपर, एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं. जेवण झालं की पोराने डोळे मिटून हात घालायचा आणि आजीने विचारायचं, "काय लागलं रे?" पहिला महिनाभर सगळंच त्याला "खडे" लागत होतं. आमची आई ब्याऐंशी वर्षांची. ती मुद्दाम चुकीचं बरोबर म्हणायची, त्याला बरं वाटावं म्हणून. ताईंनी तिला रागावलं. मग ती कडक मास्तरीण झाली.

थंडीत हात दुखायचा, रात्री झटके यायचे, एकदा वैतागून त्याने पिशवी फेकून दिली. मटकी महिनाभर पलंगाखाली सापडत होती.

आज काय स्थिती आहे? अंगठा उभा राहतो, पण डाव्याइतका नाही. पेपर क्लिपची दोन टोकं बोटावर टेकवून ती दोन आहेत की एक हे विचारतात. निरोगी बोटाच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटरच्या आतलं अंतरही कळतं, त्याला नऊ-दहा लागतं. नऊ मिलिमीटरच्या स्पर्शाने शर्टाचं बटण लागतं, मोबाइल चालतो, जेवण होतं. बारीक हिरा घासता येत नाही. तो आता कारखान्यात प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरवर बसतो, पगार कमी आहे, शिकतो आहे. घंटीवर परत बसेन असं तो म्हणतो. आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

पुढे काय काय चाललं आहे, ते थोडक्यात. पॅरिसचे ओबेर्लिन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की, खांद्याची वायर उपटली गेली तर हाताच्या दुसऱ्या चालू वायरीतला थोडा भाग दंडाच्या स्नायूला जोडून कोपर वाकवता येतो. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांना याचा फार उपयोग होतो. कॅनडात ऑपरेशननंतर तासभर सौम्य वीज देऊन कोंब लवकर फुटतो का, यावर काम झालं आहे. आणि एक गोष्ट आपल्या अगदी दाराशी घडलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुमूल डेअरीजवळच्या किरण हॉस्पिटलमध्ये एका लहान मुलीचा मेंदू मृत झाल्यावर तिच्या आईवडिलांनी अवयव दिले. तिचा उजवा हात मुंबईला नेऊन एका शाळकरी मुलीला बसवला. यंदा राखीला ती मुलगी आली आणि दात्या मुलीच्या भावाला तिने राखी बांधली. आपल्यापैकी अनेकांनी तो फोटो पाहिला असेल. त्या हातातही कोंब असाच मिलिमीटर मिलिमीटर खाली उतरला असणार. आमच्या घरी फोटो पाहताना कुणी बोललं नाही. भाच्याने फक्त विचारलं, "मामा, खांद्यापासून म्हणजे किती सेंटिमीटर?"

आता हाताला लागलं तर काय करायचं, तेवढं सांगतो. स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. हळद, कॉफी, टूथपेस्ट, चुना भरायचा नाही, डॉक्टरांना मग आतलं दिसत नाही. वायर किंवा रबर करकचून बांधायचं नाही. बोट तुटून वेगळं झालं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं. नुसतं बोट असं थंड राहिलं तर बरेच तास टिकतं. मनगटाच्या वरून तुटलं असेल तर त्यात स्नायू असतो, तिथे पाच-सहा तासांच्या आत पोचायला हवं. आणि टाके घालण्याआधी डॉक्टरांना आपण होऊन विचारायचं, "साहेब, प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श कळतोय का पाहिलंत का? अंगठा वर उभा राहतोय का?" विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो नव्हतो, आम्हाला हा प्रश्नच माहीत नव्हता.

आरतीची वेळ होत आली, टाळ वाजायला लागलेच आहेत. आरतीनंतर मंडपाच्या उजव्या बाजूला टेबल मांडलं आहे. भाचा तिथे ती कापडी पिशवी घेऊन बसणार आहे. ज्यांची बोटं शाबूत आहेत त्यांनी डोळे मिटून रुपया आणि दोन रुपये ओळखून दाखवावेत. काल घरी करून पाहिलं, आम्हीच दोनदा चुकलो, तो एकदा.